कॅमेऱ्याचा फोटो अपलोड होत नाही, तोच फोटो व्हॉट्सॲपवरून आला की होतो. असं का?

डाळिंब_डेव्ह · मंगळवार, रात्री ११:४२

मंडळी नमस्कार, जरा डोकं लावा इकडे. सांगोल्याकडच्या एका शेतकरी कंपनीसाठी मी ॲप बनवलंय, डेव्हलपर टेस्टर सपोर्ट सगळं मीच. तीस सुपरवायझर डाळिंबाच्या बागा फिरतात, दिवसाला पाचेक प्लॉट, प्रत्येक प्लॉटचे चार फोटो काढायचे आणि सोबत सातबाऱ्याची पीडीएफ जोडायची, एवढंच काम. ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्ये, मागे सर्व्हरवर नोड-एक्सप्रेस आणि आलेल्या फाइल घ्यायला मल्टर, त्यांच्या पुढे दारवानासारखा एनजिनेक्स, आणि हे सगळं २ जीबी रॅमच्या एका व्हीपीएसवर (भाड्याचा छोटा सर्व्हर).

घरी इम्युलेटरवर (कॉम्प्युटरमधल्या नकली फोनवर) सगळं लोण्यासारखं चालत होतं. फील्डवर गेलं आणि बोंब सुरू. फोटो ८०-९० टक्के जातो आणि मग कधी ४१३ ('फाइल फार मोठी') येतो, कधी नुसतं 'नेटवर्क एरर'. मी पहिले पंधरा दिवस रेंजलाच शिव्या घालत होतो. पण गंमत अशी की एका सुपरवायझरने स्वतःच जुगाड काढला, फोटो आधी स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवायचा, तिथून परत गॅलरीत घ्यायचा आणि मग ॲपमधून टाकायचा. एका झटक्यात जातो! आता सगळेच तसं करतात. आणि कालच ऑफिसातून साहेबांचा फोन, की या फोटोंना लोकेशनच नाही, पोरं बांधावर गेली होती की चहाच्या टपरीवर हे कळायचं कसं.

अजून दोन भानगडी. सातबाऱ्याच्या फाइलचं मराठी नाव सर्व्हरवर पोचेपर्यंत त्याचा पार चिवडा होतो, इंग्रजी ए वर मात्रा दिल्यासारखं काहीतरी आणि काटेरी गोल चिन्हं. आणि एकाच प्लॉटचे तेच फोटो तीन-तीनदा सेव्ह झालेले दिसतात.

लिमिट वाढवू का? का सगळंच फेकून नव्याने करू? सांगा राव.

---

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११:५८

रेंजची चूक नाही भाऊ, निदान पहिल्या त्रासात तरी नाही. एनजिनेक्समध्ये 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' ही सेटिंग तुम्ही लिहिली नसेल तर ती आपोआप १ एमबी असते. कॅमेऱ्याचा फोटो ५ ते १० एमबी, म्हणून ४१३. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, तो एक एमबीच्या आत बसतो, म्हणून जातो. इम्युलेटरमधले नमुना फोटो पण चिमुकले असतात म्हणून घरी कळलं नाही. आणि लोकेशन गेलं ते पण त्याच जुगाडामुळे, व्हॉट्सॲपवरून फोटो फिरला की आतली एक्झिफ माहिती (जागा, वेळ वगैरे) उडते.

'नेटवर्क एरर' का, तर एनजिनेक्स साइझ बघून आधीच नाही म्हणतो, पण फोन तोपर्यंत डेटा ढकलतच असतो, मग कनेक्शन तुटतं आणि बिचाऱ्या ॲपला ४१३ वाचायलाच मिळत नाही. तुमचा तो प्रोग्रेस बार सुद्धा फोनने किती बाइट बाहेर ढकलले तेवढंच सांगतो, सर्व्हरने किती घेतले ते नाही. त्या ९० टक्क्यांवर विश्वास ठेवू नका.

सध्या ती सेटिंग २० एमबी करा, रीलोड मारा, झोपा.

जाता जाता, अपलोडला जावास्क्रिप्टचा फेच वापरत असाल तर हेडरमध्ये कंटेंट-टाइप हाताने 'मल्टिपार्ट फॉर्म-डेटा' असं लिहू नका. त्याच्या शेपटीला बाउंड्री (फॉर्मचे तुकडे वेगळे करणारी खूण) लागते, ती फेच स्वतः लावतो, तुम्ही हाताने लिहिलंत की ती गायब होते आणि मल्टरला फाइल सापडतच नाही. यात माझे दोन दिवस गेलेत, तुमचे जाऊ नयेत.

---

डाळिंब_डेव्ह · बुधवार, रात्री ८:१५

रात्रपाळी भाऊ, दंडवत. ४१३ गेला. दुपारपर्यंत मी हवेत होतो.

संध्याकाळी साडेसहाला सगळी पोरं गावात परत आली, रेंज मिळाली, सगळ्यांनी एकदम सिंक दाबलं आणि सर्व्हर आडवा. पीएम-टू ने (नोड पडला की परत उठवणारा प्रोग्राम) तीनदा रीस्टार्ट केला, दर वेळी अर्धवट. म्हणजे आधी दार बंद होतं म्हणून घर वाचलं होतं असं झालं का हे?

---

बॅकएंड_बाई · बुधवार, रात्री ९:०३

अगदी तसंच झालंय. मल्टरला मेमरी-स्टोरेज दिलंय ना? शंभर टक्के दिलं असणार, सगळ्या ट्युटोरियलमध्ये तेच असतं. त्याचा अर्थ अख्खी फाइल रॅममध्ये. पंधरा जणांनी एकदम चार-चार फोटो पाठवले, एक ८ एमबीचा धरा, झाले ४८० एमबी नुसते पडून राहिलेले. वर तुम्ही थंबनेल (छोटी झलक) बनवत असाल तर तो फोटो उलगडावा लागतो, १२ मेगापिक्सेलचा पूर्ण उघडला तर ४००० गुणिले ३००० गुणिले ३ बाइट, म्हणजे एकेक फोटो ३६ एमबी. दोन जीबीत डेटाबेस पण तिथेच असेल. कर्नलचा लॉग बघा, रॅम संपली की प्रोग्राम मारणाऱ्या ओओएम किलरने नोडचा गळा धरलेला दिसेल.

आता माझं मत. फाइल तुमच्या नोडमधून जायलाच नको. फोन आणि स्टोरेज यांचं परस्पर होऊ द्या, तुमचा सर्व्हर फक्त चिठ्ठी देईल. म्हणजे ॲपने सर्व्हरला विचारायचं 'या प्लॉटचा फोटो टाकायचाय', सर्व्हरने माणूस कोण ते तपासून एस-थ्रीची (ॲमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) प्रीसाइन्ड यूआरएल, म्हणजे सही केलेली थोड्या वेळाची लिंक, द्यायची, फोन थेट मुंबई रीजनच्या बकेटमध्ये (तिथली आपली साठवणीची जागा) फाइल टाकणार, आणि झालं की सर्व्हरला कळवणार. सर्व्हरने त्याच्या शब्दावर न जाता बकेटमध्ये फाइल खरंच आहे का आणि साइझ किती ते एकदा विचारून घ्यायचं, मगच डेटाबेसमध्ये 'पोचला' लिहायचं.

यात लोक कुठे आपटतात ते सांगते, कारण मी प्रत्येक ठिकाणी आपटलेय. यूआरएल सकाळी घेऊन ठेवायची नाही, तिला मुदत असते, अपलोडच्या क्षणी मागायची, पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. (जास्तीत जास्त ७ दिवस देता येते, पण कशाला.) सही करताना कंटेंट-टाइप जेपीईजी सांगितला आणि फोनने दुसराच पाठवला की ४०३ ('परवानगी नाही') येणार आणि एरर मेसेज सहीबद्दल रडणार, तुम्ही तासभर सहीची गुप्त की बदलत बसणार. नुसत्या पुट यूआरएलमध्ये 'इतक्याच एमबीची फाइल' अशी कमाल मर्यादा लिहिता येत नाही, ती हवी असेल तर प्रीसाइन्ड पोस्ट वापरा, त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त साइझ बांधता येते. सीओआरएसची (एका साइटवरून दुसरीकडे विनंती करायच्या परवानगीची) भानगड फक्त ब्राउझरला असते, मोबाइल ॲपला नाही, म्हणून ॲप चाललं आणि वेब डॅशबोर्ड बोंबलला तर घाबरू नका.

आणि बकेट पब्लिक करू नका. हात जोडून सांगते. सातबारा तसाही कुणालाही बघता येतो, पण उद्या कोणीतरी 'आधारचा फोटो पण घ्या' म्हणणार आहे, लिहून ठेवा.

---

व्हीपीएस_भक्त · बुधवार, रात्री १०:२०

बाई, आदर आहे पण तीस माणसांसाठी एस-थ्री, साइन्ड यूआरएल, पडताळणी... म्हशीला इंजेक्शन द्यायला सर्जन बोलावल्यासारखं आहे हे. मल्टरचं मेमरी-स्टोरेज काढून डिस्क-स्टोरेज लावा, एका ओळीचा बदल. फाइल थेट डिस्कवर उतरते, रॅम मोकळी. थंबनेल रिक्वेस्टच्या आत बनवू नका, बाजूला रांग लावून एकेक बनवा. संपला विषय.

---

बॅकएंड_बाई · बुधवार, रात्री १०:३१

डिस्क-स्टोरेजने आजची रात्र निघेल हे मान्य. पण हिशोब करा. ३० माणसं, ५ प्लॉट, ४ फोटो, रोजचे ६०० फोटो. ८ एमबीने रोजचे ४.८ जीबी. ४० जीबीची डिस्क आठवडा-दीड आठवड्यात भरेल आणि डिस्क भरली की डेटाबेसही झोपतो. बॅकअप तर कुणी काढलेलाच नसतो.

---

व्हीपीएस_भक्त · बुधवार, रात्री १०:४०

८ एमबीचा फोटो पाठवतंय कोण पण? फोनवरच लहान करा की. ४०० केबी धरलं तर दिवसाला २४० एमबी, महिन्याचे २५ दिवस धरून ६ जीबी. मग बोला.

---

कोकणी_कोडर · गुरुवार, सकाळी ७:१०

भांडू नका रे, दोघांचंही बरोबर आहे पण दोघंही सर्व्हरवरच बसलायत. खरा घोळ फोनवर आहे. मी मासळी लिलावाच्या एका ॲपवर दोन वर्षं काम केलंय, जेटीवर रेंज येते तशी जाते, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय.

पहिली गोष्ट, 'अपलोड' हे बटण म्हणून ठेवूच नका. सुपरवायझरने फोटो काढला की तो ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचा, एसक्यूलाइटमध्ये (फोनमधला छोटा डेटाबेस) एक ओळ टाकायची (आयडी, प्लॉट, वेळ, स्थिती: बाकी) आणि त्याला लगेच 'सेव्ह झालं' सांगून मोकळं करायचं. पाठवायचं काम मागे चालू राहील, आज नाही तर रात्री घरी गेल्यावर. फोल्डर मात्र कॅश (तात्पुरती जागा) नको, जागा कमी पडली की ओएस कॅश साफ करतं आणि फोटो कायमचा गेला, बाग परत फिरायला कोण जाणार? आयफोनवर एक छुपा खड्डा आहे, पूर्ण पाथ डेटाबेसमध्ये ठेवू नका, ॲप अपडेट झालं की तो पाथ बदलू शकतो. फक्त फाइलचं नाव ठेवायचं, पुढचा पाथ त्या त्या वेळी जोडायचा.

दुसरी, ती तीन-तीन कॉपींची भानगड. फोटो सर्व्हरवर पोचतो, सेव्ह होतो, पण 'मिळाला' हे उत्तर परत येताना रेंज जाते. फोनला वाटतं गेलाच नाही, परत पाठवतो. यात चूक कुणाचीच नाही. म्हणून फोटो काढतानाच फोनवर त्याचा यूयूआयडी (इतर कशाशी न जुळणारा आयडी) बनवा, सर्व्हरवर तोच आयडी युनिक ठेवा आणि स्टोरेजमध्ये फाइलचं नावही तेच द्या. दहादा पाठवला तरी तोच फोटो त्याच जागी बसेल.

तिसरी, लहान करणं. लांब बाजू १६०० पिक्सेल, क्वालिटी ७५-८०, डाळिंबावरचा तेल्या रोगाचा डाग झूम करून दिसतो का ते मात्र तुमच्या शेतीतज्ञाला दाखवून मगच ठरवा, नाहीतर फोटो येतील पण कामाचे नसतील. तज्ञ नाही म्हणाला तर २४०० करा. आणि हे करताना एक्झिफ उडू शकतं, म्हणजे व्हॉट्सॲपने केलं तेच आपण आपल्या हाताने करणार! त्यामुळे लोकेशनसाठी फोटोच्या पोटात हात घालूच नका. फोटो काढायच्या क्षणी जीपीएस वेगळं घ्या, अक्षांश, रेखांश, अचूकता किती मीटर आणि वेळ, हे त्या एसक्यूलाइटच्या ओळीत लिहा. तसंही अँड्रॉइड १० पासून गॅलरीतल्या फोटोचं लोकेशन वाचायला वेगळी परवानगी लागते. साहेबांना टपरीवाले फोटो पकडायचे असतील तर गॅलरीतून निवडायची सोयच काढून टाका, थेट ॲपमधूनच कॅमेरा.

एक्झिफमध्ये फोटो आडवा का उभा हेही असतं. लहान करताना आधी फोटो फिरवून घ्या, नाहीतर सगळी झाडं झोपलेली दिसतील. आमच्याकडे एकदा अख्ख्या दिवसाचे पापलेट उभे पोहत होते.

मागे पाठवायला अँड्रॉइडवर वर्क-मॅनेजर (मागची कामं सांभाळणारी सोय), 'नेटवर्क असेल तेव्हाच' अशी अट घालून, फसलं तर दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागचं काम मारून टाकतात, त्याला ठोस औषध नाही, ॲप उघडलं की उरलेली रांग परत सुरू करायची आणि वर ठळक आकडा दाखवायचा '१२ फोटो बाकी'. तो आकडा दिसला की पोरं स्वतःहून वायफाय शोधतात, स्वानुभव आहे. आयफोनवर बॅकग्राउंड अपलोड फक्त डिस्कवरच्या फाइलचं होतं, मेमरीतल्या डेटाचं नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आणि फोटोचं बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, जेसनमध्ये घालून पाठवत असाल तर आजच थांबवा, फाइल फुकट एक तृतीयांश फुगते.

---

अनुस्वार · गुरुवार, सकाळी ११:२५

मराठी नावांचं कुणी बोललंच नाही, तो माझा आवडता प्रांत.

यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट कायम ई-शून्य असतो. मल्टरच्या खाली बसबॉय नावाची लायब्ररी आहे, तिची १.० नंतरची आवृत्ती फाइलचं नाव काही न सांगता लॅटिन-१ (युरोपीय लिपीची जुनी पद्धत) समजून वाचते, आणि लॅटिन-१ मध्ये ई-शून्य म्हणजे मात्रावाला ए. म्हणून तुम्हाला अक्षरागणिक एक ए दिसतोय. नाव मेलेलं नाही, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचलंय. ते लॅटिन-१ म्हणून परत बफरमध्ये घ्या आणि यूटीएफ-८ म्हणून स्ट्रिंग करा, 'सातबारा उतारा' जसाच्या तसा परत येतो. जुन्या बिघडलेल्या नोंदी पण याच उपायाने सरळ होतील, पण एकदाच चालवा, नीट असलेल्या नावांवर चालवलं तर ती नासतील.

पण ते नाव फक्त स्क्रीनवर दाखवायला डेटाबेसमध्ये ठेवा, डिस्कवर नको. लिनक्सच्या ईएक्सटी-४ फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरं नाही, २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं, आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येक वेगळं मोजतात. नुसत्या 'सातबारा' शब्दाचेच २१ बाइट होतात. 'गट नंबर अमुक मौजे तमुक यांचा सातबारा उतारा नवीन फायनल' हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर भरतं.

आणि एक किडा, जो मला एकदा तीन रात्री चावला होता. 'शेतकऱ्याचा' मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक स्वतंत्र चिन्ह म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा. डोळ्याला दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. कीबोर्डप्रमाणे, मशीनप्रमाणे बदलतं. नावाने फाइल शोधायला गेलो तर समोर दिसतेय पण सापडत नाही! तेव्हापासून नाव आत घेताना आधी एनएफसीमध्ये (युनिकोडचं एकच ठरलेलं रूप) नॉर्मलाइझ करतो.

---

रात्रपाळी · गुरुवार, रात्री १२:०५

सुरक्षेचं पण सांगून ठेवतो. फाइलचं एक्स्टेन्शन आणि कंटेंट-टाइप दोन्ही समोरचा सांगेल ते, पुरावा नाही. पहिले काही बाइट बघा, जेपीईजी एफएफ-डी८-एफएफ ने सुरू होते, पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं असतात. तुम्हाला दोनच प्रकार हवेत ना, मग दोनच घ्या, बाकी सगळं परत. एसव्हीजी तर अजिबात नको, त्यात स्क्रिप्ट बसते.

मी पूर्वी जिथे होतो तिथल्या एका क्लायंटची पीएचपी साइट होती, अपलोड फोल्डर वेबरूटच्या (साइट जिथून चालते त्या फोल्डरच्या) आत, नाव जसं आलं तसं ठेवलेलं. कुणीतरी 'फोटो डॉट जेपीजी डॉट पीएचपी' टाकून गेलं, तपासणारा कोड नावात जेपीजी आहे का एवढंच बघत होता. शनिवारी संध्याकाळी साइटवर भलत्याच औषधांच्या जाहिराती. तो वीकेंड मी अजून विसरलेलो नाही.

---

डाळिंब_डेव्ह · रविवार, दुपारी ४:४८

अपडेट द्यायला आलो. बाई आणि भक्त दोघांचंही थोडं थोडं ऐकलं. त्या रात्री डिस्क-स्टोरेज लावून सर्व्हर उभा केला. शुक्रवार-शनिवार बसून फोनवरची रांग, यूयूआयडी आणि १६०० पिक्सेल केलं. तज्ञ मॅडमना दाखवलं, फळ आणि झाड चाललं पण पानाचा फोटो मोठाच हवा म्हणाल्या, म्हणून पानाला तेवढं २४००. एस-थ्री पुढच्या महिन्यात करतो, तोवर रोज रात्री घरच्या हार्ड डिस्कवर कॉपी ओढतोय.

काल संध्याकाळी पहिल्यांदा सगळ्यांनी एकदम सिंक केलं आणि रॅम निम्म्याच्या वर गेली नाही. 'बाकी' चा आकडा पण मस्त लागू पडला, एक पोरगा ४७ बाकी बघून रात्री शाळेच्या वायफायखाली जाऊन बसला होता म्हणे.

अनुस्वार, नावं परत आली, डोळ्यात पाणी आलं.

एकच राहिलं. दोन सुपरवायझरकडे आयफोन आहे, त्यांचे जुने फोटो सर्व्हरवर आहेत पण डॅशबोर्डवर चौकोनी तुटकं चित्र दिसतं, सर्व्हरवरची फोटो लहान करणारी शार्प लायब्ररी पण उघडत नाही.

---

कोकणी_कोडर · रविवार, संध्याकाळी ५:३०

हेइक फॉरमॅटचे फोटो आहेत ते. आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, आयफोनचा कॅमेरा आपोआप त्यातच सेव्ह करतो, आणि शार्पच्या तयार पॅकेजमध्ये पेटंटच्या कटकटीमुळे ते उघडायची सोय नसते. पुढचे फोटो तुम्ही फोनवरच जेपीईजी करताय त्यामुळे आपोआप सुटलं. जुने किती आहेत?

---

डाळिंब_डेव्ह · रविवार, संध्याकाळी ५:३४

ऐंशीच्या आसपास.

---

कोकणी_कोडर · रविवार, संध्याकाळी ५:३६

मग कोड नका लिहू. कुणाच्या तरी मॅकबुकवर टाका, सगळे सिलेक्ट करून प्रिव्ह्यूमधून जेपीईजी एक्स्पोर्ट, चहा होईपर्यंत झालं. फक्त नावं तीच राहू द्या.